सेप्सिस, सलाईन आणि आफ्रिकेतील संशोधन : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

सेप्सिसवरचे (जंतुसंसर्गामुळे शरीराचे अवयव निकामी होऊ लागतात त्या जीवघेण्या अवस्थेवरचे) उपचार पाठ्यपुस्तकांत लिहिलेलेच आहेत, मग परदेशी विद्यापीठांनी आफ्रिकेतील रुग्णांना गिनिपिग करण्यापेक्षा तोच पैसा औषधे आणि खाटांवर खर्च करावा, असा आपला आक्षेप आहे. त्यातील 'उपचार माहीतच आहेत' हे गृहीतक मला मान्य नाही.

शॉकमध्ये गेलेल्या, म्हणजे रक्ताभिसरण कोलमडू लागलेल्या, मुलाला तासाभरात भरपूर सलाईन द्यावे, हा नियम श्रीमंत देशांतील अतिदक्षता विभागांत रुजला. युगांडा, केनिया आणि टांझानियातील 'फीस्ट' या चाचणीत, ताप येऊन रक्ताभिसरण मंदावलेल्या ३,१४१ मुलांवर तो प्रथमच नीट तपासला गेला. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, एकदम सलाईन किंवा अल्ब्युमिन (रक्तातील प्रथिनाचे द्रावण) दिलेल्या गटांत ४८ तासांत सुमारे साडेदहा टक्के मुले दगावली, तर असे न दिलेल्या गटात ७.३ टक्के. देखरेख समितीने मुलांची भरती मुदतीआधीच थांबवली. व्हेंटिलेटर नसल्यामुळे फुप्फुसांत पाणी साचून मुले गेली असावीत, असा तर्क अनेकांनी केला; पण पुढील विश्लेषणात हे जादा मृत्यू मुख्यतः रक्ताभिसरण कोलमडल्यामुळे झाल्याचे दिसले. झांबियात लुसाकाच्या विद्यापीठ रुग्णालयात बहुतांशी एचआयव्हीबाधित प्रौढांवर सुरुवातीलाच भरपूर सलाईन देणारा असाच ठरीव उपचारक्रम तपासला गेला (२०१७). त्या गटात ४८.१ टक्के रुग्ण दगावले, नेहमीच्या उपचारांच्या गटात ३३ टक्के. म्हणजे आपण सुचवता तसा पैसा थेट सलाईनच्या बाटल्यांवर खर्च झाला असता, तर तो सत्कारणी लागला असता का, याची मला शंका आहे.

संमतीबद्दलची आपली अस्वस्थता मात्र रास्त आहे. 'फीस्ट'मध्ये मूल अत्यवस्थ असेल तेव्हा पालकांची तोंडी संमती घेऊन लेखी संमती नंतर घेण्याची मुभा होती. घाबरलेल्या आईपुढे त्या क्षणी कागद ठेवणे हा देखावाच ठरला असता, म्हणून ती मुभा मला समर्थनीय वाटते. तरी अशा सवलतीचा निर्णय स्थानिक नीतिसमित्यांच्याच हाती हवा.

राहिला खाटांचा मुद्दा. त्या नसतील तिथे काय करावे, हेही संशोधनानेच सांगितले. अतिदक्षता विभाग नसेल आणि रक्तदाब घसरलेला नसेल, तर मुलांना असे एकदम सलाईन देऊ नये, ही शिफारस २०२० च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत आली, ती मुख्यतः 'फीस्ट'च्या आधारावर. माझी तक्रार वेगळी आहे : प्रतिजैविक नेमके निवडायला लागणारी रक्ताच्या कल्चरची (रक्तातील जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीची) सोय बहुतेक जिल्हा रुग्णालयांत नसते, आणि प्रकल्पाचा निधी संपल्यावर ती कोण चालवणार, हे करारातच लिहिलेले असायला हवे.