दोन स्टार मिळालेल्या पद्मिनी गाडीच्या कुलपांबद्दल

नमस्कार साहेब,

तुमचा रिव्ह्यू वाचला. स्टार किती द्यायचे हा तुमचा हक्क, त्यावर वाद नाही. पण तुमचं वाचून उद्या एखादा जुन्या गाडीवाला स्वतःच स्क्रू-ड्रायव्हर घेऊन कुलपं उचकटायला बसेल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: एका दिवसाच्या कामाला आम्ही महिना घालवला. ‘ओरिजिनल ठेवा’ सांगूनही डिकीचं कुलूप ड्रिल केलं, त्यामुळे गाडीची विंटेज नोंदणी हुकणार. बाजारात नवा सेट मिळतो त्याहून बिल जास्त झालं. एवढं करून शेवटी हातात दोन किल्ल्या. आणि वर आमच्या पोराने तुमच्याच गाडीचं आरसी बुक मागितलं.

तुमची पद्मिनी १९७८ ची. गॅरेजला आली तेव्हा ड्रायव्हर साइडचं दार लॉक होत नव्हतं, डावीकडचं बाहेरून उघडत नव्हतं आणि डिकीच्या कुलपात कुणाची तरी तुटलेली किल्ली रुतलेली होती. सोबत किल्ल्यांचा जुडगा दिलात, त्यातली एक कपाटाची निघाली.

आधी वेळेचं बोलू. डोअर पॅड, म्हणजे दाराचं आतलं आवरण, काढून नवीन कुलपं बसवायची असती तर खरंच संध्याकाळपर्यंत गाडी दिली असती. पण वडिलांच्या वेळची कुलपं तीच राहिली पाहिजेत, असं तुम्हीच सांगितलंत, आणि तिथेच काम बदललं. या कुलपात बॅरल, म्हणजे किल्ली घालून फिरवायचा गोल भाग, असतं आणि बॅरलमध्ये स्प्रिंगवर बसवलेल्या पातळ पितळी पत्त्या. किल्ली आत गेली की तिच्या खाचांप्रमाणे एकेक पत्ती खालीवर सरकते. सगळ्या पत्त्या बॅरलच्या कडेशी बरोबर आल्या की ते फिरतं, एखादी केसभर बाहेर राहिली तर नाही. कुलपाची बाहेरची बॉडी जस्ताच्या मिश्रधातूची, ओतीव. वर्षानुवर्षं पावसाचं पाणी मुरलं की जस्तावर पांढरी पूड धरते आणि ती पूड मूळ धातूपेक्षा जास्त जागा अडवते. म्हणजे कुलूप नुसतं जाम होत नाही, आतून फुगतं. अशा वेळी किल्लीला पक्कड लावून जोर दिला की काय होतं, ते तुमच्या डिकीत दिसतच होतं.

ड्रायव्हर साइडच्या बॅरलमधून निघालं ते वेगळंच. खोबरेल, इंजिन ऑइल आणि धूळ यांचा काळा थर, टोचणीने खरवडला तर मेणासारखा सुटत होता. थंडीत खोबरेल गोठतं हे बाथरूममधली बाटली बघून सगळ्यांना कळतं, तरी कुलपात लोक तेच सोडतात. तो थर पेट्रोलमध्ये भिजवत, थोडा थोडा काढावा लागतो. घाई केली की पत्त्या वाकतात आणि मग ओरिजिनल कुलूप फक्त दिसायला उरतं. पत्त्या चिमट्याने काढून, निघाल्या त्याच क्रमाने ताटात मांडल्या, कारण प्रत्येकीची उंची आणि जागा ठरलेली. तुमची किल्लीही चांगलीच झिजली होती. कोपऱ्यावरच्या किल्लीवाल्याकडे अशा किल्लीची डुप्लिकेट काढली की झिजेसकट डुप्लिकेट निघते, म्हणून तर आधीच्या डुप्लिकेट चालत नव्हत्या. आम्ही नवीन किल्ली जुन्या किल्लीवरून नाही, पत्त्यांची उंची मोजून कानशीने घासली. आज ती दोन्ही दारांना एका बोटाने फिरते. हे तुम्ही रिव्ह्यूत लिहिलं नाहीत. असो.

डाव्या दाराचं दुखणं कुलपात नव्हतंच. दाराच्या तळाशी पाणी निघून जायला भोकं असतात, ती मातीने बुजली होती. काचेच्या फटीतून आत गेलेलं पाणी तिथेच साचून आतली दांडी गंजून धरली होती. भोकं मोकळी केली, दांडी साफ केली, दार उघडलं. याचे वेगळे पैसे लावले नाहीत.

आता डिकी. कुलूप आतून सोडवायचं तर झाकण उघडं पाहिजे आणि झाकण उघडायचं तर कुलूप फिरलं पाहिजे. किल्लीचा तुकडा आकड्याने ओढून बघितला, तेल जिरवून बघितलं, बाहेरून हलके ठोके दिले. बॅरल कुलपाच्या बॉडीला पक्कं धरलेलं होतं. उरले दोन मार्ग: पहारीने झाकण उचकटायचं किंवा बॅरलच्या मधोमध ड्रिल मारायचं. पहारीने वाकलेली कड डेंटिंग करून सरळ होते, पण झाकण आणि बॉडीमधली फट पुन्हा पहिल्यासारखी जुळत नाही, आणि त्यावर रंगाचा खर्च. ड्रिलने फक्त बॅरल जातं. आम्ही ते निवडलं, आणि आधी तुम्हाला फोटो पाठवून विचारून निवडलं. ‘चालेल’ हा तुमचा मेसेज अजून फोनमध्ये आहे. तो इथे टाकणार नाही, तुम्हीच वर जाऊन बघा.

विंटेज नोंदणीची काळजी सोडा. २०२१ च्या केंद्रीय नियमाप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली गाडी त्यात येते, म्हणजे तुमची २०२८ मध्ये. त्यात बघतात ते चासी, बॉडी आणि इंजिनमध्ये मोठा फेरफार झालाय का. डिकीचं बॅरल बदललं म्हणून कुणी अडवणार नाही.

बिलाबद्दल. बाजारात मिळणारा नवा सेट मीही बसवतो, मागितला तर. ओतकाम हलकं असतं, आणि दोन वेगळ्या खोक्यांतल्या किल्ल्या अदलाबदल करून बघा, कधीकधी एकमेकांना चालतात. जुन्या अस्सल मालाची गोष्ट वेगळी. कुर्ल्याच्या कारखान्यात पद्मिनी बनायची बंद होऊन दोन तपं उलटली. त्यानंतर आमच्यासारख्यांना आधार होता तो मुंबईच्या स्क्रॅपमध्ये निघणाऱ्या टॅक्स्यांचा. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून गेली, आता आहे तो साठा संपेपर्यंतच. त्यातही टॅक्सीचं ड्रायव्हर साइडचं बॅरल घेऊन उपयोग नसतो, ते रोजच्या वापराने खिळखिळं झालेलं असतं. डिकीचं किंवा डाव्या दाराचं त्या मानाने कमी वापरलेलं. तुमच्या डिकीला बसवलंय ते तसंच, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून शोधून आणलेलं. उशीर झाला त्यातला बराचसा या शोधात गेला.

दोन किल्ल्या याचमुळे. दोन्ही कुलपांची किल्लीची फटच वेगळ्या आकाराची आहे, दाराची किल्ली डिकीत शिरतच नाही. फट सारखी असती तर पत्त्या बदलून एका किल्लीवर आणलं असतं. तशा फटीचं बॅरल हाती लागलं तर तुम्हाला फोन करीन. बॅरलची किंमत तुमची, बसवायची मजुरी घेणार नाही.

आरसी बुकाचं मात्र मी पोराची बाजू घेणार. किल्ली नसलेली गाडी घेऊन येणाऱ्याला कागद बघितल्याशिवाय आमच्याकडे किल्ली बनवून मिळत नाही. गाडी वडिलांच्या नावावर आहे, आडनाव जुळतंय, हे बघून त्याने लगेच काम हातात घेतलं. उद्या तुमची गाडी कुणी दुसऱ्याने ढकलत आणली तरी तो हेच विचारील, आणि तेव्हा तुम्हीच त्याला शाबासकी द्याल. तुम्हाला अपमान वाटला, पण त्याचा तसा हेतू नव्हता आणि बोलताना त्याने ‘काका’ सोडून दुसरा शब्द वापरला नाही.

एक विनंती. आता या कुलपांत तेल सोडू नका, डब्ल्यूडी-४० सुद्धा नको. ते गंज सुटायला ठीक, पण नंतर धूळ धरतं. ग्रॅफाइट पावडर चिमूटभर, तीही कोरड्या कुलपात. पावडर नसेल तर मऊ पेन्सिलीचं शिसं किल्लीवर घासा आणि चार वेळा आत-बाहेर करा. पावसाळ्याआधी दाराच्या तळाची भोकं तारेने मोकळी करा. कोल्हापूरच्या पावसात हे एवढं केलं तरी पुष्कळ.

झिजलेली जुनी किल्ली आणि डिकीचं ड्रिल केलेलं बॅरल पिशवीत घालून ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवलंय, फेकू नका. त्या बॅरलमधल्या चांगल्या पत्त्या पुढे कामाला येतील. इग्निशनचं कुलूप या कामात नव्हतं, पण तेही थोडं घट्ट वाटलं. सवडीने दाखवायला आणा, सोमवार सोडून कधीही.