खटक्यावर बोट

फोटोग्राफी शिकायची तर सामान कमी करा, असं जाणकार सांगतात. एक कॅमेरा, एक लेन्स, एकाच जातीची फिल्म, आणि वर्षभर दुसऱ्या कशाला हात लावायचा नाही. पर्याय संपले की माणसाचं डोकं सामानातून निघतं आणि उजेडाकडं लागतं म्हणे. हा सल्ला देणारे कोल्हापुरात राहत नसावेत.

मी तो मानला, कारण माझ्याकडं मुळातच एक कॅमेरा होता. मामांचा, पेंटॅक्स के-१०००. कंपनीनं तो १९७६ पासून १९९७ पर्यंत जवळजवळ जसाच्या तसा बनवला, यावरून त्यात बदलण्यासारखं काही नव्हतंच हे ओळखावं. फोकस हातानं, उजेड आत सोडणारं लेन्सचं छिद्र हातानं, तो किती वेळ सोडायचा ते शटर हातानं, फिल्म पुढं सरकवायची तीही अंगठ्यानं. बॅटरी लागते फक्त आतल्या, उजेड मोजणाऱ्या मीटरच्या सुईला, आणि ही सुई मामांच्या हयातीतच हलायची थांबलेली. दुरुस्तीला नेला तर दुकानदारानं तो कानाशी धरला, खटका दाबला, "आवाज झकास हाय" म्हणाला आणि परत दिला. नवरा खूश झाला. "चला, घरात एक तरी बिनखर्चाचा छंद आला."

बिनखर्चाचा! एका रोलमध्ये छत्तीस फोटो, आणि फिल्म, रसायनं सगळं धरलं तर एकदा खटका दाबला की एक चहा आणि एक वडापाव गेला. शिवाय कॅमेरा एक असला तरी त्याचं बिऱ्हाड मोठं. रोल धुवायची टाकी, तिच्यातली चकती, काळी पिशवी, थर्मामीटर, मापाचे पेले, तपकिरी बाटल्या, चिमटे, नरसाळं. खांद्याला लावायला एवढीशी पिशवी, आणि तिच्यापायी न्हाणीघरातली फळी गेली. त्या बाटल्यांवर सासूबाईंनी स्वतःच्या अक्षरात चिठ्ठ्या चिकटवल्यात: "पिऊ नये. सुनेचं आहे."

मीटर नाही म्हटल्यावर उरतो तो सोळाचा नियम. लख्ख ऊन असेल तर छिद्र एफ-१६ आणि शटर फिल्मच्या आकड्याइतकं, म्हणजे ती उजेड किती चटकन टिपते त्या आकड्याइतकं. माझी फिल्म ४०० ची, म्हणजे सेकंदाचा चारशेवा भाग. तो आकडा कॅमेऱ्यावर नसतो, म्हणून पाचशे. आता ऊन किती लख्ख आहे हे आभाळाकडं बघून ठरवायचं नाही, डोळा फसवतो. सावलीकडं बघायचं. सावलीची कड धारदार असेल तर सोळा. कड मऊ झाली की अकरा. सावली जेमतेम दिसली की आठ. दिसलीच नाही की ५.६. आकडा लहान तितकं छिद्र मोठं. नियम सोपा आहे. अडचण एवढीच, की तो पाळणारी बाई रस्त्यात मध्येच थांबते, वाकते आणि जमिनीकडं एकटक बघत आकडे पुटपुटते.

कपिलतीर्थ मंडईत ताडपत्रीखाली एक मावशी मेथी निवडत होत्या. उजेड बाजूनं येत होता, हात सुंदर दिसत होते. मी त्यांच्या सावलीची कड बघायला वाकले.

"काय पडलं वो?" शेजारच्या कांदेवाल्यानं विचारलं.

"काही नाही. सावली…"

"कानातलं पडलं जणू," पलीकडून कुणीतरी निकाल दिला. बघता बघता चारपाच माणसं गुडघ्यावर. कुणी टोपली उचलतंय, कुणी कोबी बाजूला सारतंय. "फिरकीचं हुतं काय?" "सोन्याचं हाय काय?" एका भल्या माणसानं मोबाईलची बॅटरी लावली आणि जी काय सावली होती तीही गेली.

"कानातलं नाही ओ," मी म्हणाले, "मी नुसती सावली बघतोय."

सगळे हळूहळू उभे राहिले. मावशींनी मेथीची जुडी खाली ठेवली आणि फार मायेनं विचारलं, "बरोबर घरचं कोन आलंय का, बाळ?"

फोटो काढला. एफ-४, शटर साठावा भाग. त्यात मेथी नाही आणि हातही नाहीत. माझ्याकडं काळजीनं बघणारा चेहरा आहे. तो फोटो मला आवडतो.

दुसरी गंमत लेन्सची. ५० मिलिमीटरची लेन्स साधारण आपल्या डोळ्याला दिसतं तसं दाखवते, म्हणजे लांबचं लांबच ठेवते. झूम करायचं तर पायांनी. जाणकार म्हणतात, यानं माणूस विषयाच्या जवळ जायला शिकतो. खरं आहे. पण पुण्यात कुणाच्या जवळ कॅमेरा घेऊन गेलं तर परवानगी घेतली का विचारतात. इथं जेवण झालं का विचारतात. एकदा जवळ गेलात की तुमचं माहेर कुठलं, मंगळवार पेठ का शिवाजी पेठ, नवरा काय करतो, कॅमेरा केवढ्याला, हे सगळं उरकल्याशिवाय सुटका नाही. तोवर ऊन सोळावरून आठवर आलेलं असतं. रंकाळ्यावर भेळ खाणाऱ्या एका कुटुंबाचा फोटो काढायला गेले ती त्यांच्या पुतणीसाठी स्थळ सुचवून परत आले. फोटो राहिला. स्थळ जमतंय असं कळतंय.

यात तरणी पोरं सगळ्यात अवघड. खटका वाजला की कॅमेऱ्याची पाठ बघायला धावतात. पाठीला नुसतं काळं कातडं.

"दावा की, वैनी."

"यात दिसत नाही. आत आहे."

"आत कुठं?"

"फिल्मवर. धुवायला लागते."

"आणि खराब आला तर?"

याला माझ्याकडं उत्तर नाही. म्हातारी माणसं मात्र शहाणी. गंगावेशीत एका आजोबांनी कॅमेरा बघितल्याबरोबर ओळखलं, "रोल हाय व्हय!" मग त्यांनी फेटा सारखा केला, सदऱ्याचं वरचं बटण लावलं, हात मांड्यांवर ठेवले आणि श्वास रोखून धरला. मी छिद्र लावलं, शटर लावलं, फोकस बघितला, पुन्हा बघितला. आजोबा श्वास धरूनच. खटका वाजल्यावर त्यांनी असा दीर्घ उच्छ्वास सोडला की मलाच दम लागला.

असं प्रत्येकाला "फोटो आणून देतो" म्हणायची वेळ येते, आणि त्यातून उधारी होते. छत्तीस फोटो काटकसरीनं काढायचे, म्हणजे रोल लवकर संपत नाही. संपल्याशिवाय धुता येत नाही. तोवर महाद्वार रोडवर फुलवाली हाक मारते, बिंदू चौकात रिक्षावाला हॉर्न मारून खूण करतो, भवानी मंडपाजवळ एक शाळकरी पोरगा "फोटोवाल्या काकू" असं ओरडतो. सगळ्यांची नावं, ठिकाणं वहीत लिहून ठेवलीत. कमी सामानानं माणूस मोकळा होतो असं कुठं कुठं लिहिलेलं असतं. मी आता काही रस्ते टाळते.

बरं, सामान कमी पडतं अशी तक्रार कुणाकडं करायची? खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा मानस्तंभ उभा आहे. बाबूराव पेंटरांनी या गावात स्वतःच्या हातानं सिनेमाचा कॅमेरा घडवला. बरोबरीनं खटपट करणारे आनंदराव १९१६ साली गेले, तरी बाबूरावांनी हेका सोडला नाही, आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला. मी सुईबद्दल कुरकुर केली की आमचा मुलगा दरवेळी तेच ऐकवतो. "त्यांनी अख्खा कॅमेरा केला, आई. तुला एक सुई हलवता येईना."

उजेडाच्या बाबतीत मात्र आमचं गाव आधीच तयार आहे, हे मान्य करायला हवं. अंबाबाईच्या किरणोत्सवाला, नोव्हेंबरात ९ ते ११ आणि मग ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी, मावळतीची किरणं महाद्वारातून आत येत देवीपर्यंत पोहोचतात, आणि सगळं गाव त्यांचा हिशेब ठेवतं. चरणांपर्यंत आली, कमरेपर्यंत आली, मुखापर्यंत पोहोचली. एरवी मापात न बोलणारी माणसं या दिवसांत उजेडाबद्दल बोटभरानं वाद घालतात. ढग आला तर कुणी आकांत करत नाही. "आज न्हाई जमलं, उद्या बगू," म्हणून माणसं बाहेर पडतात आणि भेळ खातात. आतल्या फोटोचा प्रश्नच नव्हता, म्हणून मी बाहेर उभी राहून माना उंचावलेल्या माणसांचे काढले. सूर्य बुडायच्या आधीच्या त्या थोड्या मिनिटांत मला सोळाच्या नियमातलं जे कळलं, ते आधी नुसतं पाठ होतं.

घरी फिल्म धुणं हे वेगळंच प्रकरण. रोल पूर्ण अंधारात चकतीवर चढवायचा असतो. त्यासाठी काळी पिशवी येते, तिला दोन बाह्या असतात. आत कात्री, रोल, चकती, टाकी. बाहेर मी, कोपरापर्यंत अडकलेली. फिल्म चकतीत शिरली की डावा-उजवा हात आळीपाळीनं फिरवायचा. पावसाळ्यात आतल्या आत हाताला घाम येतो, फिल्म चिकटते, पुढं जात नाही, मागं येत नाही, आणि हात काढला तर छत्तीसच्या छत्तीस फोटो गेले. त्याच वेळी गॅसवाला येतो. हे ठरलेलं आहे.

"सही कोन करनार?" दारातून आवाज.

"सूनबाईचं हात अडकल्यात," सासूबाई म्हणाल्या. त्यानं आत डोकावलं. पलंगावर मी, मांडीवर काळं गाठोडं, त्यात दोन्ही हात, डोळे छताकडं. त्यानं सिलिंडर ठेवलं आणि सही न घेताच गेला. पुढच्या वेळी आला तेव्हा "आता बरं हाय न्हवं?" असं विचारलं त्यानं.

मग रसायनं. डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर फोटो उमटवणारं रसायन, २० अंशाला हवा. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतून येणाऱ्या पाण्याला ही अट समजावून सांगणं अशक्य, म्हणून फ्रीजमधला बर्फ घमेल्यात आणि घमेल्यात बाटली. सासूबाईंच्या कोकम सरबताच्या वेळेला बर्फाचे ट्रे रिकामे निघतात, त्यावरून आमच्याकडं बोलणं झालेलं आहे. टाकी दर मिनिटाला दहा सेकंद उलटी-सुलटी करायची असते. मी घड्याळाकडं बघत ते करत असते आणि त्या दारात उभ्या राहून म्हणतात, "एवढ्या वेळात ताक झालं असतं, लोणी वर आलं असतं."

त्यानंतरचा फिक्सर, म्हणजे उमटलेला फोटो पक्का करणारं रसायन. त्याची कथा हुपरीपर्यंत गेली. नणंदेचं सासर तिथलं, पैंजणांचा धंदा. फिल्ममध्ये चांदी असते हे कळल्यावर नणंदेचे यजमान खुर्चीत पुढं सरकले. मी सांगितलं, जिथं उजेड लागला तिथली चांदी काळी होऊन फिल्मवर राहते, तोच फोटो; बाकीची फिक्सरमध्ये विरघळून निघून जाते.

"निघून जाते म्हणजे? कुठं?"

"त्या पाण्यात."

"आणि ते पानी?"

मी न्हाणीच्या मोरीकडं बघितलं नाही, पण त्यांनी बघितलं. ज्या माणसाच्या कारखान्यात झाडलेली धूळसुद्धा फेकत नाहीत, त्याच्यापुढं हे बोलायला नको होतं. एका रोलमधून ग्रॅमभरही निघायची नाही, असं मी परोपरीनं सांगितलं. "असू दे. साठवा," ते म्हणाले. तेव्हापासून बाल्कनीत एक कॅन आहे. वापरलेला फिक्सर असाही मोरीत सोडू नये म्हणतात, तेव्हा माझी हरकत नाही. पण दर सणाला त्यांचा फोन येतो, आणि खुशाली विचारायच्या आधी ते विचारतात, "कुठवर आला?"

गंगावेशीतल्या दूध कट्ट्याची उधारी सगळ्यात जुनी होती. तिथं रात्री म्हशी आणून उभ्या करतात आणि समोर धार काढून ग्लास हातात देतात. मी छिद्र पूर्ण उघडून, शटर तिसाव्या भागावर ठेवून फोटो काढला होता. प्रिंट घेऊन गेले तेव्हा कट्टा भरलेला. दूधवाल्यानं हात पुसले आणि प्रिंट दिव्याखाली धरली. म्हैस अशी आली होती की मुस्काटावरचे केस मोजावेत. तिच्या पोटाशी चरवी, चरवीवर पांढुरका धूर.

"म्हस झ्याक आलीया," तो म्हणाला. "मी कुठाय?"

मी धुरावर बोट ठेवलं. "हे तुम्ही. धार काढताना हलत होता. ती हलली नाही."

प्रिंट ग्लासवाल्यांच्या हातांतून फिरली. "लका, म्हशीला कळतंय फोटो काढताना हलू ने म्हनून," एकजण म्हणाला, "तुला कळंना व्हय?"

त्याला ते लागलं. चरवी बाजूला ठेवून तो ताठ बसला. "परत काढा, वैनी. आता श्वास घेत न्हाई."

"आधी दूध दे की!" मागून ओरडा झाला.

मी आकडा बघितला. एकच उरला होता, तसं सांगितलंही. ते ऐकून शेजारच्यानं आपली म्हैस दोर ओढून पुढं आणली. "एकच हाय न्हवं? मग दोनी म्हशी एकदमच घ्या. हिनं काय पाप केलंय?"

दोन म्हशी आणि दोन मालक ५० मिलिमीटरमध्ये मावेनात. मी डोळ्याला कॅमेरा लावूनच एक पाऊल मागं सरले, मग आणखी एक. पहिली म्हैस पूर्ण आली, दुसरीचं शेपूट बाहेर. अजून अर्धं पाऊल.

"वैनी, मागं तिसरी हाय!"