आठ शेरांच्या बत्तीस पायल्या

परवापासून बेळगावच्या शहापुरात माझं नाव 'बत्तीस पायली मास्तर' पडलंय. तीस वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवलं, त्याची ही पेन्शन.

पुतणीचा दातांचा दवाखाना आहे. एक्स-रे मशीन तपासणारा माणूस चिठ्ठी ठेवून गेला होता : मशीन चालू असताना दाराबाहेर किरणं ताशी ०.२ मिलि-आर. ऑनलाइन फॉर्मच्या चौकटीला मात्र मायक्रोग्रे हवे होते. "काका, एवढं करून द्या की," म्हणाली. मी चिठ्ठी, पेन आणि रुबाब घेऊन बाहेरच्या बाकावर बसलो.

शेजारी एक आजोबा. जन्मभर रविवार पेठेत धान्याची अडत केलेले. तोंडाचं पार बोळकं, कवळीचं माप द्यायला आलेले.

"काय लिवालाय मास्तर?"

इथं 'काही नाही' म्हणून गप्प बसायचं होतं. पण मास्तरकीची खोड. म्हटलं, "हे 'आर' आहे ना, त्याला लोक रॅड समजतात. ते रॅड नव्हे, रॉन्टगेन."

"राड?"

"राड नव्हे हो, रॅड."

"त्येच म्हणालो की. राड."

आमच्याकडं राड म्हणजे चिखल. मी सोडून दिलं आणि धडा सुरू केला. रॉन्टगेन मोजतो हवेत किती वीजभार सुटला ते. रॅड आणि ग्रे मोजतात पदार्थात किती ऊर्जा मुरली ते. किलोमागे एक ज्यूल मुरला की एक ग्रे, आणि शंभर रॅडचा एक ग्रे. म्हणजे ग्रे हे मोठं माप, बाकीची बारकी. ग्रे आला १९७५ साली. पन्नास वर्षं झाली तरी मीटरवाले रॉन्टगेन सोडेनात! आणि हवेत एक रॉन्टगेन म्हणजे भरतो ०.८७७ रॅड. डोळे झाकून एकास एक धरलं तर शंभरातले बारा फुकटचे धरले. "बारा टक्के!" मी बाकावर बोट आपटलं.

"अडतीला बारा टक्के?" आजोबा म्हणाले. "लई झालं."

खरं तर सीमाभागातल्या माणसाला रूपांतर शिकवायची गरज नसावी. ३१ ऑक्टोबरला मुंबई राज्यात झोपलेली आमची माणसं १ नोव्हेंबर १९५६ ला म्हैसूर राज्यात उठली. पाच महिन्यांत, १ एप्रिल १९५७ ला, सोळा आण्यांच्या रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. हिशेबानं आण्याचे सव्वासहा, हातात सहा. त्या पाव पैशावरून माझे वडील कोपऱ्यावरच्या दुकानदाराशी मरेपर्यंत भांडले. पुढं म्हैसूरचं कर्नाटक झालं, २०१४ ला बेळगावचं बेळगावी. माप बदलताना आम्हाला कुणी विचारत नाही. बदललं की पाटी वाचायला आणि अर्ज पुन्हा भरायला तेवढं बोलावतात. माझ्या घरात एकाच घराचे चार स्पेलिंगांतले पत्ते आहेत आणि दर खिडकीवर मलाच विचारतात की तुमचं नेमकं गाव कुठलं.

असो. चिठ्ठी.

०.२ ला ८.७७ नं गुणलं आणि खणखणीत आवाजात जाहीर केलं, "ताशी १.७५४ मिलिग्रे!" वर ज्ञानदान : सीव्हर्ट म्हणजे माणसाला होणाऱ्या अपायाचं माप, एक्स-रेला ग्रे आणि सीव्हर्ट एकास एक धरतात, सामान्य माणसाला वर्षाची मर्यादा १ मिलिसीव्हर्ट, म्हणजे या बाकावर पस्तीस मिनिटांत वर्षाचा कोटा खलास.

समोरची बाई उठली. पोराचा दंड धरला आणि गेली. पोराच्या तोंडात अजून कापूस होता.

आजोबा मात्र जागचे हलले नाहीत. डोळे बारीक करून म्हणाले, "मास्तर, ग्रे मोठं माप म्हणालासा न्हवं?"

"हो."

"मग आठ शेर जोंधळा पायलीनं मोजला तर किती भरंल?"

"चार शेरांची पायली. दोन पायल्या."

"आकडा खाली आला का वर गेला?"

"खाली."

"मग तुमचा दशांश दोनचा पावणेदोन कसा झाला? त्येबी मिलि, ह्येबी मिलि. आठ शेरांच्या बत्तीस पायल्या केलासा की!"

मी कागद पाहिला. एका मिलि-आरचे ८.७७ हे मायक्रोग्रेतले होते, आणि मी शेपटीला मिलि तसाच ठेवलेला. हजारपट! बारा टक्क्यांसाठी बाक बडवणारा माणूस हजारपटीनं बुडाला होता. आतली कंपाउंडर पोरगी तोंडाला रुमाल लावून हसत होती.

"आणि ह्यो तासाचा भाव," आजोबांनी दुसरा हप्ता दिला. "मशीन काय तासभर चालतंय? टिक् करतंय आणि बंद."

तेही खरं होतं. ज्याच्या स्वतःच्या तोंडात एक नाही, त्यानं माझ्या पदरात बत्तीस घातले.

पुतणी बाहेर आली. "काका, त्या बाई का गेल्या?"

मी उत्तर न देता दुरुस्त कागद पुढं केला : १.७५४ मायक्रोग्रे, तिन्ही दशांशांसकट. निदान हे बारा टक्के तरी माझे होते. तिनं मोबाइलवर चौकट उघडली आणि ठोकले '२'.

"अगं, एक पॉइंट सात... दोन म्हणजे रॉन्टगेन-रॅड एकास एक!"

"वरच्या बाजूला धरलेलं बरं, काका."

आजोबा बोळक्यानं हसले.

"म्हणजे राडच धरलं की."