‘पत्र कोणी मागितलंच नाही’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय नीट वाचला. एकच तारा दिलात, पण कारणं स्पष्ट लिहिलीत. तुम्ही एकट्या मुलाला घेऊन परदेशी निघाला होतात; त्याचा व्हिसा हातात असताना आमच्या प्रवास कार्यालयाने ‘या प्रवासाला माझी हरकत नाही’ अशा वडिलांच्या संमतीपत्रासाठी अडवून धरलं, सही झालेलं पत्र पुन्हा करायला लावलं, कोर्टाचे कागद मागून तुम्हाला अपमानित केलं आणि एवढं करून विमानतळावर ते पत्र कोणी मागितलंच नाही, असं तुमचं म्हणणं आहे.

पत्र मागितलं गेलं नाही, प्रवास सुरळीत झाला, याचा आनंदच आहे. पण म्हणून ते नको होतं, हे मला पटत नाही. एकाच पालकासोबत मूल निघालं की विचारणा कुठेही होऊ शकते. विमान कंपनीच्या काउंटरवर, देश सोडताना इमिग्रेशनला, तिकडे उतरल्यावर, परत येताना. कोण विचारेल आणि कोण शिक्का मारून सोडून देईल, हे आधी कोणीच सांगू शकत नाही. काउंटरवरचा माणूसही उगाच कडक वागत नाही. अपुऱ्या कागदांवर प्रवासी नेला तर अनेक देशांत दंड विमान कंपनीलाच भरावा लागतो. त्याने बोर्डिंग पास द्यायला नकार दिला, तर त्या घटकेला वडिलांची सही आणि नोटरी कुठून आणायची? मूल ट्रॉलीवर बसलेलं असतं आणि काउंटर बंद व्हायची वेळ झालेली असते. ही वेळ कुणावर येऊ नये, यासाठीच आमचा आग्रह असतो.

आता व्हिसाचं. व्हिसा म्हणजे त्या देशाने मुलाला येऊ द्यायची तयारी दाखवली, एवढंच. दुसऱ्या पालकाला हा प्रवास मान्य आहे का, हे त्यावर लिहिलेलं नसतं. व्हिसाच्या अर्जाला संमती जोडली असली तरी ती वकिलातीच्या फाइलमध्ये राहते, तुमच्या हातात नसते. पासपोर्टसाठी दोघांनी सह्या केल्या असतील, तर ती संमती पासपोर्टपुरती. शिवाय कित्येक देशांच्या पासपोर्टवर आई-वडिलांची नावं छापलेलीच नसतात. आईचं आणि मुलाचं आडनाव वेगळं असलं तर समोरच्याला नातंसुद्धा कळत नाही, म्हणून जन्मदाखलाही सोबत ठेवायला सांगतो.

हा सगळा बंदोबस्त तुमच्यावर संशय घेण्यासाठी नाही. पालकांच्या वादात एकाने मूल परदेशी नेलं आणि परत आणलंच नाही, अशी प्रकरणं जगभर घडतात. अशा मुलांना त्यांच्या राहत्या देशात परत पाठवता यावं म्हणून 1980 चा हेग करार झाला. तो 16 वर्षांखालच्या मुलांना लागू होतो आणि शंभराहून जास्त देश त्यात आहेत. पण मूल एकदा गेलं की परत आणण्यासाठी परक्या देशातल्या कोर्टाची पायरी चढावी लागते. त्यापेक्षा निघतानाच विचारलेलं बरं, असं बरेच देश धरून चालतात. नियम मात्र एकसारखे नाहीत. ब्राझीलचं मूल एका पालकासोबत देशाबाहेर जात असेल तर दुसऱ्याची प्रमाणित सहीची परवानगी लागते. कॅनडात कायद्याची सक्ती नाही, तरी सरकार स्वतःच पत्र जवळ ठेवा असं सांगतं. दक्षिण आफ्रिकेने 2015 मध्ये परदेशी मुलांनाही संमतीपत्र सक्तीचं केलं आणि काही वर्षांनी ते सैल केलं. नियम असे बदलत असताना ‘गेल्या वेळी लागलं नव्हतं’ यावर मी कुणाच्या मुलाला पाठवू शकत नाही.

पत्र पुन्हा का केलं, तेही सांगते. पहिल्या पत्रात ‘मुलाला आईसोबत परदेशी जाण्यास माझी हरकत नाही’ एवढंच वाक्य होतं. कुठल्या देशात, कधीपासून कधीपर्यंत, राहणार कुठे, काहीच नाही. मुलाचं नाव पासपोर्टप्रमाणे, जन्मतारीख, पासपोर्ट नंबर, कोणासोबत जातंय, आणि सही करणाऱ्याचा चालू फोन नंबर, हे सगळं त्यात हवं. फोन नंबर फार महत्त्वाचा, कारण शंका आली तर अधिकारी थेट फोन लावू शकतात. सही पासपोर्टवरच्या सहीसारखी हवी आणि ओळखपत्राची प्रत जोडलेली हवी. मधे विमान बदलायचा देशही आम्ही घालायला लावला. पुढचं विमान चुकलं आणि इमिग्रेशन ओलांडून रात्र काढावी लागली, तर विचारणारे त्या देशाचे असतात.

कोर्टाच्या कागदांबद्दल. तुमच्या घरातली एकही गोष्ट मी इथे लिहिणार नाही. पण हा प्रश्न आम्ही प्रत्येकाला विचारतो, बाबा मुलाला घेऊन निघाले असले तरीही. ताबा कोणाकडे आहे यावरून कुठला कागद लागणार ते ठरतं. एकट्याचा ताबा असेल तर आदेशाची प्रत, दुसरे पालक हयात नसतील तर मृत्यूचा दाखला. आणि ताबा मिळाला म्हणजे परदेशी न्यायची मुभा मिळाली, असंही नसतं. इंग्लंडमध्ये मूल तुमच्याकडे राहील असा कोर्टाचा आदेश असेल तर 28 दिवसांपर्यंत दुसऱ्याच्या संमतीशिवाय नेता येतं, त्यापुढे नाही. आदेशातली अटच वाचली नाही, तर पुढचं काही सांगताच येत नाही. हा प्रश्न दुखरा असतो हे मला कळतं. तरी तो आम्ही बंद दाराआड विचारावा, चार लोकांसमोर विमानतळावर कुणी विचारू नये, असं मला मनापासून वाटतं.

पत्राचा मसुदा करून द्यायचे आम्ही वेगळे पैसे घेत नाही, त्यामुळे ‘कमाईसाठी कागद वाढवले’ हे तुमचं वाक्य लागलं.

पुढच्या प्रवासाला हे पत्र चालणार नाही, त्यातल्या तारखा संपल्या. तिकिटं काढण्याआधी एक फोन करा. मुलाचे वडील तेव्हा परदेशी असतील तर त्यांची सही तिथल्या वकिलातीत किंवा नोटरीसमोर होईल, काही देशांसाठी त्यावर अपोस्टिल (कागद दुसऱ्या देशात ग्राह्य धरला जावा म्हणूनचं सरकारी प्रमाणपत्र) आणि भाषांतरही लागेल. वकिलातीची वेळ लगेच मिळत नाही, तेवढे दिवस हातात ठेवा.