‘आमची वस्ती आहे तशीच राहू द्या’: एका फिरत्या मजकुराला उत्तर

निवासी भागाचं झोनिंग, म्हणजे कुठे काय आणि किती बांधता येईल याचे नियम, बदलण्याचा प्रस्ताव आला की एक मजकूर हातोहात फिरू लागतो. शहर कुठलंही असो, मजकूर जवळपास तोच असतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: बंगल्यांच्या वस्त्या जुन्या जाणत्या लोकांनी विचारपूर्वक आखल्या. तिथे तीन-चार मजल्यांना परवानगी दिली तर भलं फक्त बिल्डरचं होतं आणि घरं उलट महागतात. पाणी, गटारं, पार्किंग कोलमडतं, शेजाराचा चेहरा जातो. आणि सुनावणीत लोकांनी विरोध केला असेल तर पालिकेने प्रस्ताव गुंडाळावा, कारण तीच लोकशाही.

हा मजकूर पुढे पाठवणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. आपल्या गल्लीवर त्यांचा जीव असतो, आणि तो असावाच. पण या मजकुराच्या जोरावर जे निर्णय होतात त्यांची झळ ज्यांना लागते ती माणसं त्या गल्लीत राहतच नाहीत. म्हणून त्यातला एकेक मुद्दा तपासून पाहायला हवा.

सुरुवात ‘विचारपूर्वक आखल्या’पासून. काही झोनिंग खरोखर विचारपूर्वक आलं. कत्तलखाना किंवा धूर ओकणारा कारखाना घरांना लागून नको, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. न्यूयॉर्कमध्ये १९१५ साली इक्विटेबल बिल्डिंग नावाची अवाढव्य इमारत थेट रस्त्याच्या कडेपासून सरळ वर चढली, आजूबाजूचा उजेड गेला, आणि पुढच्याच वर्षी शहराने मजले वर जातील तसे मागे घ्यायला लावणारा नियम केला. तो नियम उजेडासाठी आणि हवेसाठी होता.

पण ‘या भागात एका भूखंडावर एकाच कुटुंबाचं घर’ या नियमाची कुळी वेगळी आहे. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहराने १९१० मध्ये गोऱ्यांनी कुठे राहायचं आणि काळ्यांनी कुठे, हे गल्लीनिहाय कायद्यानेच ठरवलं. लुईव्हिलच्या तशाच कायद्यावरचा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९१७ मध्ये असे कायदे रद्दबातल ठरले. वर्ण पाहून जागा वाटता येईनाशी झाली, तेव्हा खिसा पाहून वाटण्याची सोय उरलीच होती: भूखंड मोठा हवा, घर एकच हवं, भाड्याची इमारत नको. क्लीव्हलँडजवळच्या युक्लिड गावाच्या झोनिंगवरचा खटला १९२६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या बाजूने निकाली काढला. त्या निकालपत्रात न्यायमूर्ती सदरलँड यांनी बंगल्यांच्या भागातल्या भाड्याच्या इमारतीला ‘बांडगूळ’ म्हटलं आहे. त्याआधी खालच्या न्यायालयात न्यायाधीश वेस्टनहेव्हर यांनी स्पष्ट लिहिलं होतं की या नियमांचं फलित एकच, माणसांची त्यांच्या उत्पन्नानुसार वर्गवारी करून त्यांना वेगवेगळं ठेवणं. खालचं न्यायालय हरलं, पण त्याने ओळखलं ते खरं होतं. ज्या बर्कली शहराने १९१६ मध्ये एकघरी झोन आणला, त्याच शहराच्या परिषदेने २०२१ मध्ये तो संपवण्याचा ठराव केला. त्यामुळे ‘जुनं आहे म्हणून शहाणपणाचं आहे’ हे या नियमाबाबत तरी चालणार नाही.

आता सगळ्यात जास्त पटणारा मुद्दा: ‘नवी घरं महागच असतात, मग सामान्यांना काय मिळणार?’

नवं घर महाग असतं, हे खरं. नवी वस्तू महागच असते. पण त्या महाग घरात जो राहायला जातो तो आपलं आधीचं घर रिकामं करून जातो. त्या घरात दुसरं कोणी येतं, त्याचं घर तिसऱ्यासाठी मोकळं होतं. ही साखळी कल्पनेतली नाही. फिनलंडमध्ये लोकसंख्येच्या नोंदी इतक्या चोख आहेत की संशोधकांना हेलसिंकीत ती घर ते घर मोजता आली. शहराच्या मध्यभागी बाजारभावाची १०० नवी घरं झाली, तर उत्पन्नाने खालच्या निम्म्यात मोडणाऱ्या वस्त्यांमध्ये सुमारे ६० घरं मोकळी होतात, असं त्यांना आढळलं. अमेरिकेतल्या शहरांमध्ये कमी उत्पन्नाच्या भागांत उभ्या राहिलेल्या मोठ्या नव्या इमारतींचाही असाच अभ्यास झाला. नवी इमारत झाली नसती तर शेजारची भाडी जेवढी असती, त्यापेक्षा ती ५ ते ७ टक्क्यांनी कमी राहिली. ‘पॉश इमारत आली की आसपासची भाडी भडकतात’ ही समजूत इतकी पक्की आहे की हा निष्कर्ष पहिल्यांदा वाचला तेव्हा मीही दोनदा वाचला. पण मग लक्षात आलं की आपण कारण आणि लक्षण यांची अदलाबदल करतो. जिथे भाडी आधीच चढत असतात तिथेच बिल्डर येतो. छत्र्या दिसल्या म्हणून पाऊस पडला, असं आपण म्हणत नाही.

न्यूझीलंडच्या ऑकलंड शहराने २०१६ मध्ये आपल्या निवासी जमिनीपैकी सुमारे तीन चतुर्थांश जमिनीवर जास्त घरं बांधायला मुभा दिली. पुढच्या पाच वर्षांत घरबांधणीच्या वार्षिक परवानग्या साधारण दुप्पट झाल्या, आणि वाढ मुख्यतः नियम सैल केलेल्या भागांत झाली. अमेरिकेतल्या मिनीॲपोलिसचा अनुभव आणखी बोलका आहे. २०१७ ते २०२२ या काळात तिथली एकूण घरं १२ टक्क्यांनी वाढली आणि भाडी फक्त १ टक्का. त्याच काळात मिनेसोटा राज्याच्या उरलेल्या भागात भाडी १४ टक्क्यांनी वाढली. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. मिनीॲपोलिसचं नाव गाजलं ते प्रत्येक भूखंडावर तीन घरांना परवानगी दिल्यामुळे, पण त्या परवानगीतून झालेली घरं अगदी थोडी. खरी भर पडली ती बसमार्गांच्या आणि व्यापारी रस्त्यांच्या कडेला झालेल्या मोठ्या इमारतींमुळे, आणि पार्किंगची सक्ती आधी सैल करून मग काढून टाकल्यामुळे. कागदावर ‘तीन घरं चालतील’ लिहायचं, पण उंची, सामासिक अंतर (इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा) आणि पार्किंग यांचे नियम जुनेच ठेवायचे, तर तिसरं घर नकाशातच राहतं.

माझ्या बाजूच्या लोकांना न आवडणारा एक पुरावाही आहे, आणि तो त्या फिरत्या मजकुरात आवर्जून दिलेला असतो. शिकागोने २०१३ आणि २०१५ मध्ये रेल्वे स्थानकांच्या आसपासच्या भूखंडांवर जादा बांधकामाला मुभा दिली. पाच वर्षांत बांधकाम वाढल्याचं दिसलं नाही, जमिनीचे आणि घरांचे भाव मात्र चढले. हे निष्कर्ष मी नाकारत नाही. पण त्यांतून निघतं काय? मोजक्याच भूखंडांना जास्त बांधायचा हक्क दिला की तो हक्क दुर्मीळ होतो, आणि दुर्मीळ गोष्टीचा भाव जमीनमालक वसूल करतो. ऑकलंडमध्ये तो हक्क बहुतेकांकडे होता, म्हणून एकाला अडवून भाव मागता येत नव्हता. शिकागोचा धडा ‘नियम सैल करू नका’ असा नाही. ‘चार भूखंडांपुरते सैल करू नका’ असा आहे. आणि खरं बोलायचं तर ठिकठिकाणच्या पालिका हेच करतात: अख्ख्या शहराचा नियम हलवायची हिंमत नसते, म्हणून एकेका भूखंडाचा वापर बदलून देतात. बिल्डरचं भलं होतं ते तिथे.

पाणी आणि गटारं. हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही, कारण जुन्या मलवाहिनीची क्षमता हा खरा प्रश्न असतो आणि तो अभियंत्याने मोजून सांगायचा असतो. क्षमता कमी असेल तर ती वाढवण्याचा खर्च नव्या बांधकामावर लागणाऱ्या विकास शुल्कातून घ्यावा. पण हिशेब पुरा करा. जलवाहिनी, गटार, रस्ता, दिवे हे सगळं लांबीवर मोजलं जातं. त्याच शंभर मीटर रस्त्यावर पाच घरं असली तर देखभालीचा खर्च पाच घरांत वाटला जातो, वीस असली तर वीस घरांत. ज्या कुटुंबांना इथे जागा नाकारली ती हवेत विरत नाहीत. ती शहराच्या कडेला जातात, जिथे वाहिनी नव्याने टाकावी लागते, रस्ता नव्याने करावा लागतो, आणि रोज सकाळी त्यांची वाहनं याच वस्तीच्या रस्त्यांवरून कामाला जातात.

पार्किंगचं थोडक्यात सांगतो. अमेरिकेतल्या बफेलो शहराने २०१७ मध्ये किमान पार्किंगची सक्ती शहरभर काढून टाकली. त्यानंतरच्या मोठ्या प्रकल्पांपैकी ४७ टक्क्यांनी पूर्वीच्या किमानपेक्षा कमी पार्किंग ठेवलं. उरलेल्या, म्हणजे निम्म्याहून अधिक, प्रकल्पांनी जुन्या नियमाएवढं किंवा जास्त ठेवलं, कोणी सांगितलं नसताना. गरज असेल तिथे लोक बांधतात.

‘शेजाराचा चेहरा जातो’ या म्हणण्यामागे एक भीती आहे: बंगला नाहीतर टोलेजंग टॉवर, मधलं काही नाही. जपानकडे पाहा. तिथे झोनचे १३ प्रकार राष्ट्रीय कायद्याने ठरलेले आहेत आणि कुठे कोणता लावायचा ते स्थानिक पातळीवर ठरतं. त्यातला सगळ्यात कडक निवासी झोनही उंचीला १० किंवा १२ मीटरची मर्यादा घालतो, पण त्या मर्यादेत लहान सदनिकांची इमारत चालते, घराला जोडलेलं छोटं दुकान चालतं, शाळा आणि दवाखाना चालतो. इमारत किती मोठी, हे नियम सांगतो. तिच्यात किती कुटुंबांनी राहायचं, हे सांगत नाही. मला हा फरक फार महत्त्वाचा वाटतो. उंची, सावली, झाडं, रस्त्यापासूनचं अंतर यांवर नियम असावेत. पण भिंतीआड एक कुटुंब आहे की चार, यावर नियम करायचा म्हणजे आपण इमारतीविषयी बोलत नसून माणसांविषयी बोलतो आहोत.

आणि ज्यांना आपली गल्ली खरोखर तशीच ठेवायची आहे त्यांच्यासाठीही वाट काढता येते. ह्यूस्टनने १९९८ मध्ये शहराच्या आतल्या भागात भूखंडाचं किमान क्षेत्र ५,००० चौरस फुटांवरून १,४०० वर आणता येईल असा नियम केला, आणि त्याबरोबर एखाद्या गल्लीतल्या मालकांनी पुरेशा संमतीने अर्ज केल्यास तिथे मोठ्या भूखंडाचा नियम राखण्याची तरतूदही ठेवली. काही गल्ल्यांनी ती वापरली. उरलेल्या शहरात हजारो नवी घरं उभी राहिली. गल्लीने स्वतःपुरतं ठरवलं, अख्ख्या शहराचं नाही.

यातूनच शेवटच्या मुद्द्याकडे येतो, आणि माझा खरा वाद इथे आहे. ‘सुनावणीत विरोध झाला, म्हणजे लोकांना नको आहे.’

सुनावणीला येतं कोण? बॉस्टन विद्यापीठातल्या राज्यशास्त्राच्या अभ्यासकांनी मॅसॅच्युसेट्समधल्या ९७ शहरा-गावांच्या सुनावण्यांची इतिवृत्तं काढून बोलणाऱ्यांची नावं मतदार आणि मालमत्ता नोंदींशी ताडून पाहिली. बोलणारे सर्वसाधारण मतदारांपेक्षा वयाने मोठे, घरमालक असण्याची शक्यता जास्त, त्या गावात जास्त वर्षं राहिलेले, आणि पुरुषांचं प्रमाणही जास्त. घरबांधणीच्या बाजूने बोलणारे होते सुमारे १५ टक्के. मी अशा सुनावण्यांना बसलो आहे. तिथे समोरची इमारत बारा महिने धूळ उडवणार म्हणून चिडलेला माणूस असतो आणि त्याचा त्रास खरा असतो. त्या इमारतीत दोन वर्षांनी जी मुलगी आपल्या आईला घेऊन राहायला येईल, ती तिथे नसते. ती येऊच शकत नाही, कारण आपण तिथे राहणार आहोत हे तिला अजून माहीत नाही. एका बाजूचे सगळे हजर आणि दुसऱ्या बाजूचं कोणीच नाही, अशा दालनातल्या हात वर करण्याला मी लोकमत म्हणू शकत नाही.

सुनावण्या बंद करा, असं मी म्हणत नाही. हरकती घ्यायच्या त्या शहराचा आराखडा ठरताना घ्या, जेव्हा घर शोधणाऱ्याला आणि भाडेकरूलाही आपलं म्हणणं मांडता येतं. आराखडा मंजूर झाल्यावर त्यात बसणाऱ्या प्रत्येक इमारतीसाठी पुन्हा गल्लीची परवानगी मागू नका. मिनीॲपोलिसच्या परिषदेने २०१८ मध्ये १२ विरुद्ध १ मतांनी आराखडा मंजूर केला. तरी पर्यावरण कायद्याच्या आधारे तो न्यायालयात वर्षानुवर्षं अडकला, आणि २०२४ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने कायदा बदलल्यावर वाट मोकळी झाली. ऑरेगनने तर २०१९ मध्येच राज्याच्या कायद्याने मोठ्या शहरांतला एकघरी झोन मोडला. त्रास गल्लीला होतो आणि फायदा शहरभर विखुरतो, म्हणून गल्लीच्या पातळीवर ‘नाही’ हेच उत्तर येत राहतं. निर्णय त्या पातळीच्या वर घ्यावा लागतो तो याच कारणाने.

एक आक्षेप मात्र खरा आणि वजनदार आहे, आणि तो त्या मजकुरात नाही. जुनी भाड्याची इमारत पाडून नवी बांधली की आधीचे भाडेकरू कुठे जातात? त्यांना बांधकामाच्या काळात पर्यायी जागा, नव्या इमारतीत जुन्या भाड्याच्या जवळपास परत येण्याचा हक्क, आणि ते लेखी मिळाल्याशिवाय पाडकामाची परवानगी नाही, हे झोनिंग बदलाच्या ठरावातच लिहून घ्यावं लागतं. पुढच्या सुनावणीला जाणार असाल तर हा मुद्दा घेऊन जा. तो मजकूर पुरा वाचून पाहा: त्यात पार्किंगवर मोठा परिच्छेद आहे, भाडेकरू हा शब्द एकदाही आलेला नाही.