मेटफॉर्मिन हाडं खात नाही

आत्याच्या मधुमेहाच्या, म्हणजे मेटफॉर्मिनच्या गोळ्यांच्या स्ट्रिपमध्ये अठरा गोळ्या जास्त उरल्या होत्या. तिच्या औषधांचा हिशोब मी ठेवते, म्हणून लक्षात आलं. आधी म्हणाली, "अगं, राहिल्या असतील." मग हळूच मोबाइल पुढे केला. डोक्यावर दोन बाण असलेला, म्हणजे शंभर ठिकाणी फिरून आलेला व्हॉट्सॲप मेसेज. पाठवणारा माझाच चुलतभाऊ. त्या दिवशी तिची उपाशीपोटी शुगर २८७ निघाली.

मेसेजचा सारांश असा: साखर हे आम्ल असून ते हाडं विरघळवतं. मेटफॉर्मिन आणि इन्सुलिन हाडांतलं कॅल्शियम ओढून घेतात, म्हणून ती बंद करा. टाइप २ मधुमेहवाल्यांची हाडं मुळात घट्ट असतात, डेक्सा (हाडांची घनता मोजणारा स्कॅन) नॉर्मल आला की चिंता नको. व्हिटॅमिन डीचा एकच भलामोठा डोस घ्या. आणि चालणं थांबवा, सांधे-हाडं झिजतात.

गोळ्यांचा मुद्दा आधी घेते, कारण घात त्यानेच केला.

मेटफॉर्मिन हाडांतून कॅल्शियम काढतं याला काहीही आधार नाही. उलट शुगर खूप वाढली की ती लघवीवाटे जाते, आणि जाताना कॅल्शियमही घेऊन जाते. म्हणजे कॅल्शियम गळतं ते गोळी न घेतल्यामुळे. चोर सोडून संन्याशाला फाशी, ते हेच! इन्सुलिनचं तर विचारूच नका. हाड बांधणाऱ्या पेशींना इन्सुलिन हवंच असतं. टाइप १ मध्ये ते शरीरात बनतच नाही, आणि तिथे हाडांची घनता कमी राहण्याचं हे एक कारण मानलं जातं. त्या माणसांना "इन्सुलिन बंद करा" सांगणं म्हणजे त्यांच्या जिवाशी खेळणं आहे.

आता साखर आणि आम्ल. साखर आम्ल नाही. रक्ताचा पीएच, म्हणजे आम्लता सांगणारा अंक, शरीर ७.३५ ते ७.४५ च्या मध्ये धरून ठेवतं, शुगर २०० झाली म्हणून तो घसरत नाही. पण एका परिस्थितीत मधुमेह्याचं रक्त खरोखर आम्लधर्मी होतं: इन्सुलिन कमी पडलं किंवा बंद केलं, की शरीर चरबी जाळून कीटोन नावाची आम्लं बनवतं आणि माणूस थेट आयसीयूत जातो. आम्लाची भीती घालणारा मेसेज आम्ल तयार करण्याचीच कृती सांगतोय, आणि ते लिहिणाऱ्याच्या लक्षातही आलेलं नाही.

औषधांबद्दल एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल, नाइलाजाने. मधुमेहाच्या एका जातीच्या गोळ्या हाडांना खरंच त्रासदायक आहेत: पायोग्लिटाझोन आणि तिची बहीण रोसिग्लिटाझोन. 'अडॉप्ट' नावाच्या मोठ्या चाचणीत रोसिग्लिटाझोन घेणाऱ्या बायकांपैकी ९.३ टक्के जणींना फ्रॅक्चर झालं, मेटफॉर्मिनवाल्यांत ५.१ टक्के. मेसेजवाल्याने कुठेतरी हे अर्धवट वाचलं असेल आणि नाव भलतंच चिकटवलं असेल. तुमच्या चिठ्ठीवर पायोग्लिटाझोन असेल तर डॉक्टरांना विचारा, मनाने बंद करू नका. मेटफॉर्मिनवर वर्षानुवर्षं असाल तर व्हिटॅमिन बी१२ तपासून घ्या, ते कमी होऊ शकतं. त्याने पायाला मुंग्या येतात, तोल जातो. हाड मोडायला पडणं पुरेसं असतं.

"हाडं घट्ट असतात, डेक्सा नॉर्मल" हा मुद्दा मला सर्वांत जास्त झोंबला. कारण तो अर्धा खरा आहे, आणि अर्धं खरं आत्याच्या फाइलमध्येच होतं. दोन वर्षांपूर्वीचा रिपोर्ट, टी-स्कोर (तरुण निरोगी हाडांच्या तुलनेत घनता सांगणारा अंक) उणे ०.८, त्याखाली तिने हिरव्या पेनाने रेघ मारलेली. उणे १ च्या वर म्हणजे नॉर्मल. त्यानंतर चारच महिन्यांनी मोरीच्या उंबऱ्याला पाय अडखळला, हात टेकला आणि मनगट मोडलं. जिन्यावरून नव्हे, उभ्या जागी.

रिपोर्ट खोटा नव्हता. टाइप २ मध्ये घनता बऱ्याचदा सारखी किंवा थोडी जास्तच भरते, वजन हे त्याचं एक कारण. पण २०११ साली 'जामा' या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात आलेला अभ्यास बघा. अमेरिकेतल्या तीन मोठ्या पाहण्या एकत्र केल्या होत्या, ९,४४९ स्त्रिया आणि ७,४३६ पुरुष, सगळे उतारवयातले. टी-स्कोर सारखाच असूनही टाइप २ मधुमेह्यांची हाडं जास्त मोडली. स्त्रियांच्या खुब्यापुरतं बोलायचं तर मधुमेही बाईचा टी-स्कोर साधारण अर्धा अंक खाली धरून वाचायला हवा. वय-वजन भरून धोका सांगणारं 'फ्रॅक्स' कॅल्क्युलेटरही अशांचा धोका कमीच दाखवतं. त्याच्या मूळ प्रश्नावलीत टाइप २ ला घरच नाही. काही डॉक्टर म्हणून रुमॅटॉइड सांधेवाताच्या घरात खूण करून वेळ मारून नेतात.

असं का होतं? डेक्सा फक्त खनिज मोजतो. हाडात खनिजाच्या जोडीला कोलॅजनचे धागे असतात, आणि लवचीकपणा त्यांचा. ओली फांदी वाकते, वाळलेली काडकन मोडते. वाढलेली शुगर या धाग्यांना चिकटत राहते आणि त्यांना ताठर करते. तीन महिन्यांची सरासरी शुगर आपण ज्यावरून काढतो, ते हिमोग्लोबिनला साखर चिकटणं, त्याच जातीची ही गोष्ट. फरक इतकाच की लाल पेशी सुमारे १२० दिवसांत बदलते, हाडातला धागा वर्षानुवर्षं तोच राहतो. त्यात मधुमेहात हाडाची डागडुजीही मंदावते, बारीक तडे तसेच साठतात. हे काहीही डेक्साच्या कागदावर उमटत नाही.

शिवाय पडायची कारणं वेगळीच: डोळे अधू, पायाची संवेदना कमी, रात्री लघवीला उठणं, आणि औषधाचा डोस जास्त झाला तर पहाटे शुगर लो होऊन येणारी चक्कर. शेवटचं आत्यालाही होत होतं. डॉक्टरांनी रात्रीची दुसऱ्या औषधाची गोळी अर्धी केली, मेटफॉर्मिन आहे तसंच ठेवलं.

व्हिटॅमिन डीचं थोडक्यात: कमी असेल तर भरून काढावं, तपासून, डॉक्टरांच्या मापाने. "एकच भलामोठा डोस" ऑस्ट्रेलियात वयस्क स्त्रियांना देऊन पाहिला होता, वर्षाला पाच लाख युनिट. त्या जास्त पडल्या, आणि त्यांची हाडंही जास्त मोडली.

आणि चालणं थांबवायचं? वजन पडल्याशिवाय हाड टिकत नाही, ताकद आणि तोल तर नाहीच नाही. एक मोठा अपवाद आहे. मधुमेह्याचा एक पाय अचानक सुजला, लाल झाला, दुसऱ्यापेक्षा गरम लागला, तर दुखत नसला तरी त्यावर भार टाकू नका, त्याच दिवशी दाखवा. संवेदना गेलेल्या पायात आतली हाडं मोडत असतात आणि माणूस त्यावर चालत राहतो. याला शारको फूट म्हणतात. मेसेजमध्ये याचं नावही नाही, आणि चालणं थांबवायची खरी गरज तिथे असते.

आत्या सोमवारपासून पुन्हा चालायला जातेय. हे सगळं मी चुलतभावालाही पाठवलं. दोन्ही खुणा निळ्या झाल्यात, उत्तर नाही.