काळी पाचला गाणारा मोठा, काळी एकला गाणारा लहान?

सोलापुरातल्या भजनी मंडळांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: माणसाचा गळा हे सर्वांत मोठ्या पल्ल्याचं वाद्य, तयार गायक पाच सप्तकं सहज फिरतो, पेटीत तो मावतच नाही; पट्टी (पेटीच्या ज्या सुराला गायक आपला सा धरतो तो) जितकी वरची तितका गवई मोठा; म्हणून मुलांना पहिल्यापासून काळी पाचला, म्हणजे सप्तकातल्या पाचव्या काळ्या पट्टीला सा धरून, गायला लावा, गळा आपोआप उघडतो. मी पेटीच्या साथीला बसतो. या शेवटच्या वाक्याचे परिणाम मला समोर दिसतात, म्हणून हे लिहितोय.

आधी पल्ला. पियानोला ८८ पट्ट्या. सर्वांत खालचा सूर २७.५ हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला तितकी आंदोलनं), सर्वांत वरचा ४१८६. म्हणजे सात सप्तकांहून जास्त. गळ्याचं काय? मंद्र (खालच्या सप्तकातल्या) पंचमापासून तार (वरच्या सप्तकातल्या) पंचमापर्यंत स्वच्छ, वजनदार आवाज लागला तर गवयाचा गळा चांगला फिरतो असं आपण म्हणतो, आणि ती होतात दोन सप्तकं. अडीच म्हणजे उत्तम, तीन विरळच. गिनेस बुकात दहा सप्तकांचा विक्रम आहे खरा, पण त्यातला तळाचा सूर एका हर्ट्झच्याही खालचा आहे. सेकंदाला धड एक आंदोलनही नाही! माणसाच्या कानाला २० हर्ट्झच्या खालचं ऐकूच येत नाही. तो सूर यंत्रानं मोजला, ऐकला कुणीच नाही. त्याला गाणं कसं म्हणायचं?

पेटीचं तर उलटंच आहे. ४२ पट्ट्यांची पेटी साडेतीन सप्तकांची असते, गळा मावून जागा उरते. पेटी अडते ती दोन पट्ट्यांच्या मधे. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, निघत नाही, दरबारी रागाचा आंदोलित, म्हणजे हळूहळू झुलणारा, गंधार तिच्यावर दाखवता येत नाही. पेटीला नावं ठेवायची तर तिथे ठेवा.

आता पट्टी. स्वरतंतू पुरुषांचे साधारण १७ ते २५ मिलिमीटर लांब, बायकांचे साडेबारा ते साडेसतरा. लांब तंतू सावकाश कंप पावतो, म्हणून सूर खाली. काळी एकला गाणाऱ्या पुरुषाचा षड्ज, म्हणजे सा, १३९ हर्ट्झच्या आसपास, काळी चारला गाणाऱ्या बाईचा २०८. गुणोत्तर दीडपट. म्हणजे तिचा सा त्याच्या पंचमावर बसतो. आपापल्या सा पासून दोघं तितकंच अंतर चढतात आणि तितकंच उतरतात. मग यात मोठं कोण? भीमसेन जोशींचं गाणं काळी एकच्या आसपासचं. त्यांना कुणी छोटा गवई म्हणेल का? गंगूबाई हनगल यांचा आवाज सुरुवातीला उंच आणि बारीक होता, घशावरच्या उपचारांनंतर तो खाली आला, भरदार झाला, आणि त्याच आवाजावर त्या मोठ्या झाल्या. मिरजेच्या तंबोऱ्यांना लागणारे भोपळे आपल्याच जिल्ह्यातून, पंढरपूरकडून जातात. मिरजेत तंबोरा करायला टाकताना तो कुणासाठी, कोणत्या पट्टीचा हे आधी ठरतं, कारण दांडीची लांबी आणि तारेची जाडी त्यावर अवलंबून असते. खालच्या पट्टीचा तंबोरा कमी प्रतीचा, असं कुठलाही कारागीर म्हणत नाही.

यावर नेहमी एक प्रश्न येतो: मग वारकरी काळी चार-पाचला कसे गातात? गातात, आणि त्या आवाजानं अंगावर काटा येतो. शेगावची पालखी सोलापुरातून जाते तेव्हा रस्त्यावर उभं राहून ऐका. वर मोकळं आभाळ, भोवती टाळ-पखवाजाचा गजर. त्यातून शब्द पोचवायचा तर सूर वरच लागतो. पण तिथे एकानं श्वास घेतला तर बाकीचे अभंग उचलून धरतात. काळी पाचचा तार षड्ज ४६६ हर्ट्झचा, पुरुषाच्या आवाजाच्या अगदी माथ्याजवळचा. वर्षानुवर्षं वारीत तापलेला गळा तो पेलतो. हे त्या गाण्याचं आणि त्या जागेचं गणित झालं. बंद सभागृहात, माईकसमोर एकट्यानं गाणाऱ्याला ते लावू नका.

आणि मुलांना तर मुळीच नको. बारा ते पंधरा वर्षांच्या दरम्यान मुलाचं स्वरयंत्र वाढतं आणि आवाज जवळजवळ एक सप्तक खाली येतो. नेमक्या त्या वर्षांत आंतरशालेय स्पर्धेसाठी त्याला मागच्या वर्षीच्याच पट्टीत गायला लावतात. मानेच्या शिरा ताणलेल्या, हनुवटी वर, तार गंधाराला आवाज चिरकतो आणि पोरगं खाली मान घालून उतरतं. त्याचा आवाज बिघडलेला नसतो, बदलत असतो. त्याला दीड सप्तकाची चीज (बंदिश) द्या, पट्टी दोन-तीन सुरांनी उतरवा, दर दोन महिन्यांनी पुन्हा तपासा. तपासायला सोपं आहे: मंद्र पंचम न दबता आणि तार मध्यम न ओढता लागला, की तो सा त्याचा.

आपल्याकडच्या स्पर्धांच्या आयोजकांनी नियमात एवढं एक वाक्य घालावं: पट्टी स्पर्धकानं निवडावी, साथीदारानं तीच द्यावी, आणि पट्टीवरून गुण देऊ नयेत.